बारवेवरचा पहारा

"ती बाई बाटलीत पानी भरती, उन्हाकडं धरती आन् एक डोळा मिटून बघत बसती," गोजरबाईनं सांगितलं. ती पाटलांच्या घरी पाणी भरायची आणि पाण्याबरोबर गावातल्या बातम्याही आणायची.

आबासाहेबांनी हातातली कादंबरी मांडीवर पालथी ठेवली. "काय बघती?"

"मी इचारलं की. तर म्हनती, कोन ऱ्हातं ते बघते."

"कुठं ऱ्हातं?"

"पान्यात."

आबासाहेब सांगवीचे पोलीस पाटील. गाव कर्जत तालुक्यातलं, कोरडं, एका जुन्या दगडी बारवेच्या जिवावर जगणारं. आबासाहेबांना वाचनाचा नाद होता, आणि त्यातही फक्त डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा. नगरला कामानिमित्त गेले की दोन-चार घेऊन यायचे. एकदा तर कादंबरीतल्या डिटेक्टिव्हाकडे असतं तसं पितळी दांड्याचं भिंगही त्यांनी घेतलं होतं. आजवर त्याचा उपयोग पायात मोडलेला काटा काढण्यापुरताच झाला होता.

ते साल त्रेचाळीस होतं. आदल्या वर्षीच्या चळवळीत ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या होत्या, आणि कर्जतच्या फौजदारानं सगळ्या पाटलांना बजावलं होतं, गावात नवं माणूस आलं की नजर ठेवा. सांगवीत नवं माणूस एकच आलं होतं. वेशीबाहेरच्या ख्रिस्ती वस्तीत मिशनची एक शाळा होती, तिथं दिवाळीनंतर नगरहून दीनाबाई शिकवायला आली होती. तिशीतली, सडसडीत, पायात चपला. वस्तीतल्या बाकी कुणालाही आबासाहेब अरेतुरे करत, पण या बाईशी बोलताना तोंडातून 'तुमी' निघायचं आणि त्याचा त्यांना स्वतःचाच राग यायचा. तिला नवरा नव्हता. का नव्हता हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आबासाहेबांच्या मते हीसुद्धा एक खूणच होती.

कादंबऱ्यांनी त्यांना शिकवलं होतं की गुन्हेगार परगावाहून येतो, त्याच्यापाशी न कळणारी एखादी वस्तू असते आणि विचारलं की तो खरं वाटेल असंच बोलतो. बाई परगावची होती. बाटली तिच्यापाशी होती. राहिलं होतं ते विचारणं.

त्या वर्षी गावात नारू फार होता. पायावर फोड यायचा, फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं बाहेर काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिना दोन महिने आडवा. आबासाहेबांचा गडी आसाराम ऐन खळ्याच्या दिवसांत असाच खाटेवर पडला होता. आणि दीनाबाई घरोघर विचारत हिंडत होती, नारू कुणाला झाला, कधी झाला, पाणी कुठलं पिता. गावात अंगणाच्या कडेला उभी राहून विचारायची, कारण आत कुणी बोलवत नसे.

लोक एवढ्या चौकशा कशाला सहन करतील? आठवड्याभरात गावभर झालं की बाईनंच बारवेत काहीतरी सोडलंय.

आबासाहेब शाळेत गेले तेव्हा निम्मी पोरं गैरहजर होती. खिडकीत ती बाटली होती.

"बाई, ह्या बाटलीत काय हाय?"

"बारवेचं पाणी. गोजरबाईंनी वरून ओतलं होतं." तिनं एका काचेवर थेंब घेतला आणि आपलं लहानसं भिंग पुढं केलं. "बघा ना."

आबासाहेबांनी आधी दाराकडं नजर टाकली, मग भिंगात पाहिलं. थेंबात काहीतरी टुणकन उडालं. नासपतीच्या आकाराचं, शेपटी दुभंगलेलं, काचेसारखं आरपार दिसणारं आणि डोक्याच्या मधोमध एक काळा ठिपका.

"डोळा हाय त्याला!"

"एकच. म्हणून आम्ही पोरांना एकडोळ्या म्हणायला शिकवलंय." ती सावकाश, वर्गात सांगतात तसं सांगू लागली. "नारूची पिल्लं इतकी बारीक असतात की या भिंगातूनही दिसायची नाहीत. ती हा एकडोळ्या गिळतो आणि आपण पाण्याबरोबर एकडोळ्याला गिळतो. मग वर्षभर नारू अंगात वाढतो. पायाशी येतो. आणि तो पाय पाण्यात बुडाला की पुन्हा पाण्यात पिल्लं सोडतो."

"आन् हे ध्यान बारवेत आणलं कुनी?"

"एकडोळ्याला कुणी आणायला लागत नाही, तो साचलेल्या पाण्यात असतोच. नारू मात्र माणूस आणतो. पायाला नारू असताना जो पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो, तो."

"म्हंजी गावावरच आळ घालता व्हय?"

"आमच्या वस्तीतलं कुणी पायऱ्या उतरत नाही, पाटील," दीनाबाई म्हणाली. "आम्हाला मनाई आहे."

बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. वस्तीतल्या बायका घागरी घेऊन बारवेच्या वरच्या काठावर उभ्या राहायच्या आणि गावातलं कुणीतरी दया येईल तेव्हा त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायचं. पण हे उत्तर त्यांना जरा जास्तच सोयीचं वाटलं. आपण तिथं नव्हतोच, हे सांगायची सोय हिनं आधीपासून करून ठेवलीय. त्यांनी बाटली जप्त केली.

"न्या," ती म्हणाली. "पण एक करा. तुमच्या घरातलं पाणीसुद्धा तुमच्या हातानं घेऊन बघा. मी तिथं नसेन."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, विजयमालाला, माजघराबाहेर जायला सांगितलं, रांजणातलं पाणी पांढऱ्या काचेच्या बशीत घेतलं आणि आपलं पितळी भिंग काढलं. बराच वेळ काही दिसेना. मग बशीच्या कडेला एक ठिपका टुणकन उडाला. पाठोपाठ दुसरा. हेच पाणी ते सकाळी तांब्याभर प्यायले होते. पण त्यांचा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. बाईचा हात आपल्या रांजणापर्यंत पोचलाय. आता तिला बारवेवरच पकडायची.

दुसऱ्या दिवसापासून फटफटायच्या सुमाराला ते बारवेत जाऊन बसू लागले. पायऱ्यांच्या समोर, पाण्यापलीकडच्या भिंतीत एक रिकामी देवळी होती. तिथं घोंगडी पांघरून बसलं की बाहेरून कुणाला दिसत नसे. पायऱ्या एका कमानीखालून उतरत होत्या, त्यामुळं येणाऱ्याचे आधी पाय दिसायचे, मग लुगडं किंवा धोतर, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

पहिल्या सकाळी दीनाबाई आली नाही. दुसऱ्याही नाही. आले ते गावातलेच पाय. बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून आबासाहेब पाय बघत राहिले. किती पायांना चिंध्या बांधलेल्या होत्या! कुणी चिंधी सोडून पाय पाण्यात घालत होतं, कुणी घालता घालता 'हुश्श' करत होतं, कुणी त्याच हातानं चूळ भरत होतं. लहानपणापासून रोज बघितलेलं हे सगळं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता त्यांना ते बघवेना, पण डोळे मिटताही येईनात. ती मास्तरीण बाई खोटं बोलत असेल अशी आशा मनात धरून ते बसले होते.

मग एका सकाळी, बाकी कुणी यायच्या आत, कमानीखाली दोन म्हातारे पाय उतरले. उजव्या पायाचा अंगठा वाकडा. आबासाहेबांनी तो ताबडतोब ओळखला. ही त्यांची आई होती, लंकाबाई.

लंकाबाई रोज पहाटे अंधारातच देवासाठी पाणी आणायची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; आज तिला उशीर झाला होता. ठाऊक नव्हती ती गोष्ट आता तिनं केली. लुगड्याचा काठ वर उचलला, घोट्यावरची चिंधी सोडली आणि पोटऱ्या बुडेपर्यंत पाण्यात जाऊन उभी राहिली. तिनं डोळे मिटले. तोंडावरचं सगळं आखडलेपण गेलं. पाणी निवळशंख होतं आणि कोवळा उजेड सरळ त्यात पडला होता, म्हणून आबासाहेबांना स्पष्ट दिसलं. तिच्या घोट्यापासून दुधट असं काहीतरी सुटलं, पेजेसारखं, आणि पसरत पसरत पाण्यात मिसळून गेलं. मग तिनं तिथंच वाकून देवाचा तांब्या भरला.

ती वर निघून गेल्यावरही आबासाहेब देवळीत बसून राहिले.

दुपारी आई चुलीपुढं एकटी असताना त्यांनी विचारलं, "कवापास्नं हाय पायाला?"

लंकाबाईनं काठ खाली ओढला. "कशाचं काय?"

"आई, मी बघितलं."

"होळीपास्नं," ती म्हणाली. "कुनाला सांगू? तुमी मला खाटंवर पाडाल. मग देवाचं कोन करंल? पान्यात पाय गेला की आग थांबती बघ."

"त्याच पायानं नारू पसरतो गावात. पान्यात त्याची पिल्लं जात्यात."

"कोन म्हनतं?" तिनं वर बघितलं. "ती?"

आबासाहेब चुलीतलं लाकूड आत सारू लागले.

"ती काठावर नुसती उभी ऱ्हायली तरी मी पानी शिपडून घेते. आन् तू मला सांगतोस, माझ्या पायानं बारव बाटली?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आबा, असं म्हनायच्या आधी मला जाळून तरी यायचं हुतंस."

कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत जमवतात आणि गुन्हेगाराचं नाव सांगतात. आबासाहेबांना ते प्रकरण नेहमी सगळ्यात जास्त आवडायचं. आता नाव त्यांच्यापाशी होतं, आणि मारुतीच्या देवळापुढं गाव जमवल्यावर ते उच्चारायची त्यांची छाती होईना. नाव न घेता एकडोळ्याची गोष्ट सांगून बघावी, तर लोक विचारणार, बाईनं तुम्हाला काय चारलं? पायऱ्या तर बंद करायलाच हव्यात, एवढं मात्र त्यांना पटलं होतं. कुणी खाली उतरूच नये, वरून पोहऱ्यानं पाणी काढावं.

त्यांनी थाप मारली.

"फौजदारसायेबांकडनं कळलंय," ते म्हणाले. "दिवस वाईट हायेत. परगावचा कुनीबी येईल, पायऱ्या उतरंल, आन् पान्यात इख टाकून जाईल. पायऱ्या दगडानं चिनून घ्या. वर कप्पी बसवा."

एवढं ऐकल्यावर कुणी कारण विचारलं नाही. एकडोळ्यासाठी गावानं जे कबूल केलं नसतं ते विषाच्या नावानं लगेच केलं. कोण विष टाकणार, कशासाठी, याची चर्चा करायचीही कुणाला गरज वाटली नाही. फक्त आप्पासाहेब उठला. हा आबासाहेबांचा चुलतभाऊ, पाटीलकी आपल्याकडं यायला हवी होती असं मानणारा.

"परगावचं मानूस तर एकच हाय गावात," तो म्हणाला. "तिचं काय?"

"तिच्यावर माजी नजर हाय," आबासाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

सभा खूश झाली. कप्पी बसवायची वेळ आली तेव्हा आप्पासाहेबाच्याच लक्षात आलं की आता सगळेच काठावर उभं राहून पाणी काढणार, म्हणजे वस्तीतल्या बायकाही स्वतःच्या हातानं काढतील. हे आबासाहेबांच्या डोक्यातही आलं नव्हतं. चार दिवस भांडण चाललं. शेवटी दोन काठांवर दोन कप्प्या बसल्या, दोन दोर, दोन पोहरे.

आबासाहेब दीनाबाईकडं गेले आणि सभेत काय बोललो ते त्यांनी खाली बघत सांगितलं.

ती म्हणाली, "पायऱ्या बंद झाल्या ना? बरं झालं. पण पाटील, पुढच्या उन्हाळ्यातही नारू येईल. ज्यांनी हे पाणी आधी प्यायलंय त्यांच्या अंगात तो आत्ताच वाढतोय. जायचा तो त्याच्या पुढच्या वर्षी जाईल. मधल्या वर्षात लोक काय म्हणतील याचा विचार केलात का?"

त्यांनी केला नव्हता.

ते मधलं वर्ष आलं. चव्वेचाळीसच्या वैशाखात पुन्हा पाय सुजले, पुन्हा काड्यांना धागे गुंडाळले गेले. पायऱ्या बंद, पहारा पाटलाचा, मग नारू आला कुठून? उत्तर गावानं परस्परच काढलं. एका दुपारी शाळेच्या पत्र्यावर दगड पडले. संध्याकाळी पन्नासेक माणसं देवळापुढं जमली. बाईला आजच्या आज बाहेर काढायचं ठरत होतं.

आबासाहेब मध्ये जाऊन उभे राहिले. "इखाची गोष्ट खोटी हुती," ते म्हणाले. "मी रचली. फौजदार असं कायबी बोलला न्हवता. पानी आपल्याच पायानं नासलं. गेल्या साली मी देवळीत बसून डोळ्यानं बघितलंय. ती बाई एकदाबी पायरी उतरली न्हाई."

गलका झाला. आप्पासाहेबानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "आपल्या म्हंजी कुनाच्या? नाव घे."

देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांत लंकाबाई होती. आबासाहेबांनी तिकडं न बघायचा फार प्रयत्न केला.

"माझ्या," ते म्हणाले.

"तुला कवा झाला नारू?" आप्पासाहेब हसला. "धोतर वर कर की. वण दाव."

आबासाहेबांच्या पायावर वण नव्हता, आणि हे त्यांच्याबरोबर पावसाळ्यात ओढ्यात डुंबून लहानाचा मोठा झालेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. पाटील कुणालातरी झाकतोय. कुणाला? तेवढ्यात ओट्यावरून लंकाबाई उठली. कुणाशी न बोलता, डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती घराकडं चालू लागली. तिचा उजवा पाय किंचित ओढला जात होता. ती वळणाआड जाईपर्यंत सगळे त्या पायाकडं बघत होते. मग एकेक जण खाली मान घालून निघून गेला. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घोट्याला चिंधी होती.

त्या रागातून दीनाबाई वाचली, पण मिशननं धोका घ्यायचा नाही असं ठरवून पावसाळ्याआधी तिची राहात्याला बदली केली. जायच्या आदल्या दिवशी ती पाटलांच्या अंगणाच्या कडेला आली. आबासाहेब कर्जतला गेले होते. तिनं चौपदरी शिवलेलं एक फडकं ओट्यावर ठेवलं आणि लंकाबाईला म्हणाली, "आजी, पाणी यातून गाळून घेत जा. पाय कसा आहे?"

लंकाबाईनं फडकं उचललं. पाणी न शिंपडता उचललं, हे विजयमालानं स्वतः पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात सांगवीत नारूचे दोघंच निघाले, आणि तेही दुसऱ्या गावचं पाणी प्यायलेले. आसाराम ज्येष्ठात स्वतःच्या पायांवर तिफणीमागं चालत होता. गावानं याची कारणं शोधली. कुणी म्हणे आप्पासाहेब देवाला नवस बोलला होता, कुणी म्हणे बाईनं आणलं होतं, बाईच घेऊन गेली. आबासाहेब वाद घालायला गेले नाहीत. तुळजापूरच्या यात्रेहून परत येताना एकानं त्यांना विचारलं होतं, मिशननं तुम्हाला खरंच काही दिलं होतं का, आणि तो विचारणारा त्यांचा मित्र होता.

एका संध्याकाळी ते जेवून उठले. लंकाबाई अंगणात बाजेवर बसली होती. आता ती फार कमी बोलायची, आणि मुलाशी त्याहून कमी.

"आबा," तिनं हाक मारली. "तिला माझं तूच सांगितलं हुतंस ना?"

"कुनाला?"

"तुला ठावं हाय कुनाला. पाय कसा हाय, म्हनली. तिला कुनी सांगितलं?"

"मी न्हाई सांगितलं, आई. देवाशपथ. तिनं बघितलं आसंल."

"काय बघितलं आसंल?"

"तुजं चालनं."

लंकाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. ते खरंच बोलत होते. जगात कुणालाही, अगदी विजयमालालाही, त्यांनी आईचं नाव सांगितलं नव्हतं. पण कुणी खरं बोलत असताना ते खरं आहे हे समोरच्याला कळावं अशी काही सोय त्यांना सापडेना. आईच्या नजरेत त्यांना स्वतःचाच जुना शोध दिसत होता, कुठंही न थांबणारा. शेवटी ती नजर खाली गेली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तांब्याभर पानी दे."

त्यांनी पाणी फडक्यातून गाळून आणून दिलं. ती ते लगेच प्यायली नाही. तांब्या मांडीवर धरून, आत बघत बसली.